बर्ड्‌स ऑफ व्हर्माँट म्युझियम : हंटिंग्टनच्या काष्ठपक्ष्यांची वाटचाल

१९३८ साली अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट राज्यात रॉबर्ट स्पिअर नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने लाकडातून एक लहानसा पोपट कोरला. पोपट खऱ्या मापाचा होता. त्यामागे संस्था उभारण्याचा विचार असण्याचे कारणच नव्हते. हाताला चाळा आणि डोळ्याला पक्ष्यांची ओढ, एवढेच त्याचे भांडवल होते. तरीही हंटिंग्टन गावातील ‘बर्ड्‌स ऑफ व्हर्माँट म्युझियम’चा इतिहास सांगायचा तर आरंभ या पोपटापासूनच करावा लागतो. पुढे बॉब या नावाने सर्वपरिचित झालेल्या स्पिअर यांनी आयुष्यभर जे केले, त्याचे बीज त्यात होते.

पहिला पोपट आणि संग्रहालय यांच्यामध्ये जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे. ही वर्षे वाया गेली नाहीत. बॉब स्पिअर पक्षी पाहत होते, त्यांच्या नोंदी ठेवत होते आणि इतरांना पाहायला शिकवत होते. ग्रीन माउंटन ऑड्यूबॉन सोसायटी या पक्षी-निसर्गप्रेमींच्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९६४ मध्ये हंटिंग्टन येथे सोसायटीचे निसर्ग केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. १९६९ मध्ये त्यांचे राज्यातील पक्ष्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलांच्या टोळ्या रानात नेताना एक अडचण त्यांना वारंवार जाणवत असावी. पक्षी थांबत नाही. मुलाने दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो फांदी सोडतो, आणि पिसांची रचना, चोचीचा बाक, नर-मादीतील फरक हे सारे सांगायचे राहून जाते.

लाकडाचा पक्षी मात्र थांबतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाकडी पक्ष्यांची परंपरा जुनी आहे, पण तिचा उगम शिकारीत आहे. पाण्यावर लाकडी बदके तरंगत सोडायची, ती पाहून आकाशातील थवा खाली उतरायचा आणि दबा धरलेल्या शिकाऱ्याचे काम व्हायचे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी संरक्षण कायद्याने बाजारासाठी होणाऱ्या शिकारीला आळा बसला. त्यानंतर या कारागिरीने हळूहळू कलेची वाट धरली. मेरीलँडमधील क्रिसफील्ड गावचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ व्यवसायाने न्हावी होते. त्यांनी घडवलेली बदके आज कलासंग्रहांत मानाने ठेवली जातात. पक्षी मारण्यासाठी जन्मलेली ही विद्या स्पिअर यांनी पक्षी समजावून सांगण्यासाठी वापरली, आणि संस्थेच्या वाटचालीतील ही सर्वांत मोलाची गोष्ट मानली पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा निश्चय पक्का झाला. व्हर्माँटमध्ये घरटी करणाऱ्या प्रत्येक जातीचा नर आणि मादी, त्यांचे घरटे, अंडी आणि भोवतालचा अधिवास, सारे खऱ्या मापात उभे करायचे. वयाच्या साठीला टेकलेल्या माणसाने हाती घेण्यासारखे हे काम नव्हते. बासवुड या लाकडाचा मऊ, सरळ रेषांचा ठोकळा कापून त्यातून पक्ष्याचा ढोबळ आकार काढायचा. चाकूने अंगाचे उठाव आणायचे. घासून गुळगुळीत करायचे. मग तापलेल्या बारीक टोकाने एकेका पिसावरच्या तंतूंच्या रेघा उमटवायच्या. त्यानंतर रंगांचे पातळ थर एकावर एक चढतात. चिमणीएवढ्या पक्ष्यालाही अनेक दिवस लागतात. रानटर्कीसारखा मोठा पक्षी महिनोन्‌महिने टेबलावरून हलत नसे.

टर्कीचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबायला हवे. एकोणिसाव्या शतकात जंगलतोड आणि शिकार यांमुळे हा पक्षी व्हर्माँटमधून नाहीसा झाला होता. १९६९-७० मध्ये शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातून ३१ टर्की आणून सोडण्यात आल्या आणि त्यांतून पुढची सारी संख्या वाढली. म्हणजे स्पिअर टर्की कोरत होते, तेव्हा तो राज्यात नुकताच परतलेला पक्षी होता. बहिरी ससाणा डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीमुळे व्हर्माँटच्या कड्यांवरून गेला होता आणि १९८० च्या दशकात तिथे पुन्हा घरटी करू लागला. लून हा सरोवरांवरचा पक्षी अगदी मोजक्या जोड्यांवर आला होता. याच काळात, १९७६ ते १९८१ या वर्षांत, शेकडो हौशी निरीक्षकांनी राज्यभर फिरून घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पाहणी केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा ग्रंथ हा अमेरिकेतील राज्य पातळीवरचा असा पहिला ग्रंथ ठरला. संग्रहालयाची कल्पना अशा वातावरणात वाढली. गावोगावचे लोक पक्षी मोजत होते आणि एक माणूस ते कोरत होता.

या उद्योगाला संस्थेचे रूप देण्यात गेल लॉरेन्स यांचा वाटा स्पिअर यांच्या बरोबरीचा आहे. त्या निसर्गलेखिका आणि शिक्षिका. नवख्या वाचकाला अंगणातल्या, घरातल्या, रोजच्या निसर्गाकडे वळवणारी त्यांची पुस्तके १९७९ पासून प्रसिद्ध होत होती. कोरलेला पक्षी कसा मांडायचा, त्याच्याशेजारी काय लिहायचे, पाहणाऱ्याला कुठे थांबवायचे, ही जाण एका लेखिकेकडून आली. १९८६ मध्ये ना-नफा संस्था म्हणून रीतसर नोंदणी झाली आणि १९८७ मध्ये शेरमन हॉलो रस्त्यावरील संग्रहालयाचे दार लोकांसाठी उघडले.

जागा आडवळणाची होती. हंटिंग्टन हे दोन हजारांहूनही कमी वस्तीचे गाव, जवळच कॅमल्स हंप हा डोंगर, भोवती दाट रान. हिवाळा लांब आणि बर्फाचा. बर्फ वितळू लागला की कच्चे रस्ते चिखलाने अडतात. नियमित हंगाम मे ते ऑक्टोबर एवढाच, बाकीच्या महिन्यांत आधी कळवून यायचे. मोठा धनिक पाठीशी नाही, तिकिटाचे उत्पन्न बेताचे. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर गाडा चालायचा. अशा ठिकाणी माणसे एकदा येऊन गेली की पुन्हा येतीलच असे नसते. त्यांना पुन्हा पुन्हा यावेसे वाटले पाहिजे, आणि संस्थेने याचे उत्तर उपक्रमांत शोधले.

सुरुवातीला सर्वांत मोठे आकर्षण स्वतः स्पिअर यांची कार्यशाळा हेच होते. ती संग्रहालयातच असल्याने आलेला पाहुणा त्यांच्या टेबलाशी उभा राहून काम पाहू शकत असे, प्रश्न विचारू शकत असे. दालनांना लागून मोठी खिडकी आहे. तिच्याबाहेर दाण्याची भांडी टांगलेली असतात. आत काचेमागे कोरलेली चिकाडी हा लहानसा पक्षी पाहायचा आणि लगेच खिडकीपाशी येऊन खरी चिकाडी दाणा उचलताना पाहायची, ही सोय लहान मुलांना फार भावते. आजी-आजोबा नातवंडांना घेऊन तासन्‌तास इथे बसतात. घरटी करणाऱ्या जातींबरोबर हिवाळी पाहुणे, दलदलीतील पक्षी, शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणारे शिकारी पक्षी आणि नामशेष झालेल्या जाती यांचीही भर पडत गेली. आज संग्रहात पाचशेहून अधिक काष्ठपक्षी आहेत.

मे महिन्यात पक्षी दक्षिणेकडून परततात, तेव्हा पहाटेच्या फेऱ्या निघतात. हर्मिट थ्रश हा कस्तूरवर्गातील गाणारा पक्षी १९४१ पासून राज्याचा पक्षी आहे. त्याचे गाणे ऐकायला पायवाटेवर सारे कुटुंब एकत्र चालते. महिन्याच्या नोंदफेरीतील आकडे ई-बर्ड या जागतिक नोंदसंचात जातात, त्यामुळे सकाळी हौसेने आलेल्या माणसाचीही नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. ऑक्टोबरात ‘बिग सिट’ असते. सतरा फूट व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि त्यात बसून दिवसभरात दिसतील, ऐकू येतील तितक्या जाती मोजायच्या. चालणे न झेपणाऱ्या वृद्धांना आणि लहानग्यांना यात बरोबरीचे स्थान मिळते, म्हणून या उपक्रमाचे महत्त्व जास्त. फेब्रुवारीत, बर्फ असतानाच, ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ येतो. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेली ही गणना २०१३ पासून जगभर होते. भारतही त्या वर्षापासून तिच्यात आहे. महाराष्ट्रातले पक्षिमित्र तलावाकाठी किंवा गच्चीवर उभे राहून ज्या चार दिवसांत बुलबुल आणि दयाळ मोजतात, त्याच चार दिवसांत हंटिंग्टनच्या खिडकीपाशी चिकाडी मोजल्या जातात.

दरवर्षी एक विषय ठरवून लोककलांचे प्रदर्शन भरते. त्यात नामांकित चित्रकाराच्या शेजारी शाळकरी मुलाचे चित्र लागते, गोधडी येते, कविता येते. पक्ष्यांच्या गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम होतात, दालनांत शोधखेळ असतात.

२०१४ हे वर्ष कसोटीचे होते. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचे प्रवासी कबूतर मरण पावले, त्याला त्या वर्षी शतक पूर्ण झाले. आकाश झाकून टाकणारे या कबुतरांचे थवे माणसाने संपवले, ही आठवण पक्षिप्रेमी जागवत असतानाच ऑक्टोबरमध्ये बॉब स्पिअर यांचे वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. एका माणसाच्या हातावर उभ्या राहिलेल्या अनेक संस्था त्या हातांबरोबर थांबतात. इथे तसे घडले नाही, कारण त्यांच्या हयातीतच कारभार विश्वस्त, मोजके कर्मचारी आणि मोठा स्वयंसेवक वर्ग यांच्याकडे गेला होता आणि उपक्रमांची घडी बसलेली होती. पायवाटा साफ करणारे, दाणे भरणारे, फेऱ्या चालवणारे, काचा पुसणारे, हिशेब पाहणारे असे कितीतरी लोक त्यात होते. त्यांची नावे दालनात लागलेली नसतील, पण संस्था त्यांनी चालती ठेवली.

२०२० मध्ये महासाथीने सगळ्याच संग्रहालयांची दारे अडवली. छोट्या संस्थेला असा हंगाम जड जातो. त्या काळात बाहेरच्या पायवाटा आणि दूरस्थ कार्यक्रम यांनी संस्थेचा लोकांशी संबंध टिकवून धरला.

संग्रह अजून पूर्ण झालेला नाही. २००३ ते २००७ मध्ये राज्यात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची दुसरी पाहणी झाली, तेव्हा पहिल्या पाहणीत नसलेल्या जाती आढळल्या, काही जुन्या रोडावल्या होत्या. २००५ मध्ये लून, कैकर आणि बहिरी ससाणा यांची नावे राज्याच्या धोक्यातील पक्ष्यांच्या यादीतून काढण्यात आली. पक्षी येतात-जातात, त्याप्रमाणे दालनातील माहितीही बदलावी लागते. कोरीवकामाची परंपरा अनुभवी कारागिरांच्या वर्गांतून चालू आहे. या वर्गांत नवशिक्याला ढोबळ आकार दिलेला ठोकळा, रंग आणि काचेचे डोळे मिळतात. पूर्वानुभवाची अट नसते, आणि पालकांबरोबर आलेली मोठी मुलेही चाकू कसा धरायचा इथपासून शिकतात.