दहा चेंडू, एक रिंग आणि अमरावती

दहा मीटरवर एक रिंग. हातात दहा चेंडू. टाका आत.

सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या एका पोरानं दहाच्या दहा आत टाकले आणि त्याची रवानगी थेट आपल्या अमरावतीला झाली, धनुर्विद्या शिकायला. पोराचं नाव प्रवीण जाधव, जन्म १९९६.

विदर्भाच्या अनुशेषावर आपण नेहमी बोलतो. बोललंच पाहिजे. पण पश्चिम महाराष्ट्रातला मुलगा वऱ्हाडात येऊन ऑलिंपिकपटू झाला, ही उलटी गोष्ट आपण कधी सांगतच नाही. म्हणून ही पोस्ट.

आई-वडील रोजंदारीवर. शाळा सोडून वडिलांबरोबर कामाला जायची वेळ आलेली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला पळायला लावलं, ४०० आणि ८०० मीटर. त्यातून शासनाची क्रीडा प्रबोधिनी मिळाली, म्हणजे राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं एका जागी. तिथंच ती चेंडूंची परीक्षा झाली.

अमरावतीला खेळाचं वावडं कधीच नव्हतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळ करून दाखवले. त्याच गावात प्रवीणनं प्रशिक्षक प्रफुल्ल डांगे यांच्या हाताखाली धनुष्य उचललं.

सगळं सुरळीत नव्हतं बरं का. एकदा प्रबोधिनीतून नाव कमी व्हायची पाळी आली. भुजबळ सर मध्ये पडले, शेवटची संधी मिळाली. पाच बाण, किमान ४५ गुण. म्हणजे प्रत्येक बाण सरासरी नऊच्या रिंगणात. पोरगा टिकला.

पुढं २०१६ ला बँकॉकच्या आशिया कपमध्ये सांघिक कांस्य, मग सैन्यात नोकरी. २०१९ ला नेदरलँड्समध्ये जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत सांघिक रौप्य. त्याच स्पर्धेत टोकियोचं तिकीट पक्कं झालं.

टोकियोत ७२ बाणांच्या क्रमवारी फेरीत प्रवीणचे ६५६ गुण, तिन्ही भारतीय पुरुषांत सर्वात जास्त. वैयक्तिक सामन्यात त्यानं तेव्हाच्या जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियाच्या गाल्सन बझारझापोव्हला ६-० नं हरवलं. पुढच्याच सामन्यात अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसननं त्याला ६-० नं हरवलं. सांघिक लढतीत कोरियाकडून ०-६. पदक नाही.

पण तीन वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, शांघायच्या विश्वचषकात धीरज बोम्मदेवरा, तरुणदीप आणि प्रवीण यांनी त्याच कोरियाला अंतिम सामन्यात ५-१ नं हरवून सुवर्ण घेतलं. नंतर पॅरिस, त्याचं दुसरं ऑलिंपिक. तिथंही पदक हुकलं.

आता मुद्दा. नेम धरायचे खेळ जगभर आहेत. इंग्लंडात डार्ट्स पबमधून वर आला. तीन डार्ट, एक बोर्ड, २.३७ मीटर अंतर. गरिबाचं पोरगंही भिंतीवर बोर्ड टांगून शिकू शकतं. धनुर्विद्येत अंतर ७० मीटर, दहाचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटर आणि स्पर्धेच्या धनुष्याची किंमत लाखांच्या घरात. रोजंदारीवाल्याच्या घरात ते येणार कुठून?

ते आलं सरकारी साखळीतून. जिल्हा परिषदेचा मास्तर, शासनाची प्रबोधिनी, देशाचं सैन्य. यातली एक कडी निखळली असती तर दहा चेंडू रिंगणात टाकणारा तो हात आज विळा धरून बसला असता.

आपल्या मेळघाटात कितीक हात असे असतील, ज्यांच्यासमोर कुणी रिंग धरलीच नाही. म्हणून पुढाऱ्यांकडे मागायचं तर सत्काराचे फ्लेक्स नका मागू. अमरावती असो की अकोला, विचारा : प्रशिक्षकाची जागा भरली का? मेसमध्ये पोरांना पोटभर मिळतं का? आणि चाचणी घ्यायला धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत यंदा कोण जाणार आहे?