पडद्याआडच्या रुग्णांसाठी

विसाव्या शतकाच्या आरंभी रावळपिंडीत डॉक्टर नव्हते असे नाही. ब्रिटिशांची ती मोठी लष्करी छावणी होती. इस्पितळे होती, औषधे होती. परंतु पडदा पाळणाऱ्या घरातील स्त्री परपुरुषासमोर येत नसे, मग तो डॉक्टर का असेना! बाळंतपणात अडलेली माता दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही उपचाराविना प्राण सोडी. उपचार होते, पण ते तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा ध्यास डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश महिलेने घेतला. एडिंबरो विद्यापीठ स्त्रियांना वैद्यकीय पदवी देत नाही म्हणून त्या फ्रान्समधील माँपेलियेला गेल्या आणि १८७८ साली डॉक्टर झाल्या. १८९८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्याच पुढाकाराने १९०९ साली रावळपिंडीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट कॅथरिन रुग्णालय उभे राहिले. तेथे डॉक्टर म्हणून धर्मभगिनी मिळाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. पण येथे आडवा आला तो ख्रिस्तसभेचाच कायदा! व्रतस्थ भगिनींना वैद्यकी करण्यास, विशेषतः प्रसूतीचे काम करण्यास, मनाई होती. डॉ. मॅक्लॅरन यांनी रोमला अनेकदा विनवण्या केल्या. परवानगी मिळाली नाही. व्रतस्थ जीवनाचे पावित्र्य राखावे हा त्या नियमामागचा हेतू होता, हे मान्य. तथापि, त्या हेतूची किंमत मोजीत होत्या त्या रावळपिंडीच्या माता, हेही विसरून चालणार नाही.

ॲना डेंगेल ही ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील मुलगी. जन्म १८९२ सालचा. आई लहानपणीच वारलेली. डॉ. मॅक्लॅरन स्त्री-डॉक्टरांच्या शोधात आहेत, हे तिच्या कानी आले आणि तिने त्यांना पत्र धाडले. उत्तर आले : भारतात काम करायचे, तर ब्रिटिश राज्यात मान्य असलेली पदवी हवी. झाले, तिची दिशा ठरली! १९१३ साली डॉ. मॅक्लॅरन निवर्तल्या, दोघींची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही. एखादी विद्यार्थिनी तेवढ्यावर माघारी फिरली असती. ॲना मात्र आयर्लंडमधील कॉर्क येथे वैद्यकशास्त्र शिकू लागली. त्यातच महायुद्ध पेटले आणि शिकत होती त्याच राज्यात ती शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. १९१९ साली पदवी हाती पडली आणि १९२० साली ती रावळपिंडीस पोहोचली.

(आपल्या आनंदीबाई जोशी यांचे स्मरण येथे सहजच होते. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या त्या मातेने १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी मिळविली. १८८७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी, हेच त्यांचेही म्हणणे होते.)

रावळपिंडीत काही वर्षे राबल्यावर डॉ. डेंगेल यांना उमगले की, एकटीदुकटी डॉक्टर कितीही झिजली तरी पुरी पडणार नाही. येथे व्रतस्थ आणि पूर्ण प्रशिक्षित अशा भगिनींचा संघच हवा. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे चौघीजणींनी 'मेडिकल मिशन सिस्टर्स' या संघाचा आरंभ केला : दोन डॉक्टर, दोन परिचारिका. नियम मोडायचा नाही, पण कामही थांबवायचे नाही, म्हणून त्यांनी जाहीर व्रते न घेता एकत्र राहणे पत्करले. हा मार्ग मला कोणत्याही तात्त्विक वादापेक्षा मोलाचा वाटतो. नियम चुकीचा आहे हे त्यांनी कामातून दाखवून दिले आणि निष्ठाही सोडली नाही.

दहा वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, रोमने ती मनाई उठविली. एवढेच नव्हे, तर मिशन प्रदेशातील माता व बालके यांच्या सेवेसाठी भगिनींनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे उत्तेजनही दिले. त्यानंतर या संघाच्या भगिनींना जाहीर व्रते घेता आली.

मदर ॲना डेंगेल १९८० साली रोममध्ये ख्रिस्तवासी झाल्या. त्यांच्या भगिनींनी पाटण्यात चालविलेल्या होली फॅमिली रुग्णालयात १९४८ साली, लोरेटो मठ सोडून आलेल्या एक भगिनी काही महिने शुश्रूषेचे प्राथमिक धडे गिरवीत होत्या. त्या वर्षअखेरीस त्या कलकत्त्यास परतल्या आणि तेथील झोपडपट्टीत त्यांनी काम सुरू केले. त्यांचे नाव मदर तेरेसा.