उसाला पेंड, ज्वारीला बेवड

ज्वारी-बाजरीला कंपोस्ट आणि पेंड घालून सेंद्रिय पीक घ्या, या सल्ल्यामागे ‘पूर्वी असेच पिकत होते’ असे गृहीत धरलेले असते. शेणखतापुरते ते खरे, पेंडीपुरते मुळीच नाही. पुणे भागात करंजाची, एरंडीची, पुढे भुईमुगाचीही पेंड गेली ती मुठा-नीरा कालव्यांखालच्या उसाला. जिरायती ज्वारीच्या वाट्याला काही वर्षांतून एकदा शेणखत, धान्याच्या मोबदल्यात रानात बसवलेली धनगरांची मेंढरे, मधली तुरीची ओळ आणि हरभऱ्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस. कडबा जनावरांना जायचा आणि शेणाच्या रूपाने परत यायचा, पण गोवऱ्या थापल्या की तो हिशेबही तुटायचा. जळणासाठी धसकटेसुद्धा वेचली जात, मग कुजवायला उरणार काय?

यावर कोणी म्हणेल की यात ज्वारीची हेळसांड नाही, शहाणपण आहे. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ७ टक्के. पण ओल नसेल तर पेंड कुजत नाही, आणि रब्बीची ज्वारी तर जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर जगते. पाऊस फसला की पेंडीचे पैसे मातीत. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. सह्याद्रीच्या उतारावरच्या नाचणीला पावसाची कमतरता नव्हती, तरी तिथेही पेंड पोचली नाही. तिथे पाला, फांद्या, गवत, शेण रोपवाटिकेवर पसरून जाळायचे, म्हणजे राब. जंगल खात्याने त्यावर बंधने आणली तेव्हा मोठा वाद झाला. ब्रिटिश शेतीरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या १८९३च्या अहवालात राब ही निव्वळ उधळपट्टी मानली नाही. त्याच अहवालात त्यांची दुसरी तक्रार होती: तेलबिया परदेशी जातात, त्यांच्याबरोबर शेताचा कसही जातो. बी अख्खेच बोटीवर चढले की पेंडही तिकडचीच. इथे उरलेली पेंड खर्च भरून निघेल त्याच पिकाकडे वळली, हे उघड आहे.

कंपोस्टची कथाही भरडधान्यापासून सुरू होत नाही. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचे कंपोस्टवरचे १९३१चे पुस्तक इंदूरच्या ज्या संस्थेतून आले, तिला कापूस समितीचा पैसा होता. त्यातली पद्धत अशी: पळाट्या, तण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, मधूनमधून पालटणी, सुमारे तीन महिन्यांत खत. (हॉवर्डांचे नाव जगभर झाले, वाडांचे आपल्याकडेही फारसे कोणी घेत नाही.) ही पद्धत आयात केलेली म्हणून नाकारावी, असे मात्र नाही. चीनच्या शेतीचे ऋण हॉवर्डांनी मान्य केले होते, आणि कच्चा माल तर इथल्याच बांधावरचा.

म्हणूनच आज नाचणीला निंबोळी पेंड घालणारा शेतकरी जुन्या वाटेने परत चाललेला नाही. उसाला मिळणारा खुराक तो भरडधान्याला पहिल्यांदा देऊ पाहतो आहे. त्याला परंपरेची ग्वाही देण्यापेक्षा त्या गोणीची किंमत नाचणीच्या भावातून निघते का, एवढे मोजून सांगणे जास्त उपयोगाचे.