ट्रिलियम (फेरीबोट)

'ट्रिलियम' ही कॅनडातील टोरंटो शहर आणि ऑन्टारिओ सरोवरातील टोरंटो बेटे यांच्या दरम्यान प्रवासी वाहतूक करण्यासाठी इ.स. १९१० मध्ये बांधलेली वाफेवर चालणारी फेरीबोट आहे. मराठीत पूर्वी जिला आगबोट म्हणत त्याच जातीची ही नौका होय. दोन्ही कुशींना फिरणाऱ्या पात्यांच्या चाकांवर ती चालते. अशा रचनेच्या ज्या नौका एके काळी उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत सर्वत्र दिसत, त्यांपैकी आजवर टिकलेली ही अखेरची.

पार्श्वभूमी

टोरंटोसमोरची बेटे मुळात बेटे नव्हती. तो मुख्य भूमीला जोडलेला वाळूचा दांडा होता. १८५८ च्या वादळात तो तुटला आणि तेथे जाण्यासाठी नावेखेरीज सोयीचा मार्ग उरला नाही. पुढे हॅनलन्स पॉइंट येथे करमणूक उद्यान व बेसबॉलचे मैदान झाले. प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ याने व्यावसायिक कारकिर्दीतील पहिली 'होम रन' याच मैदानावर ५ सप्टेंबर १९१४ रोजी मारली. सुटीच्या दिवशी शहर बेटांकडे लोटत असे. त्या गर्दीसाठी टोरंटो फेरी कंपनीने १९०६ मध्ये 'ब्लू बेल' आणि चार वर्षांनी तिची जुळी बहीण शोभावी अशी 'ट्रिलियम' पाण्यात उतरवली. कंपनी नौकांना फुलांची नावे देत असे. तीन पाकळ्यांचे पांढरे ट्रिलियम हे ऑन्टारिओ प्रांताचे अधिकृत फूल ठरले ते मात्र १९३७ मध्ये, म्हणजे नौकेच्या नामकरणानंतर बऱ्याच काळाने.

बांधणी

नौका टोरंटोतच, पोल्सन आयर्न वर्क्स या कारखान्यात तयार झाली. लांबी सुमारे ४६ मीटर आणि प्रवासी क्षमता आरंभी सुमारे १,४५० होती. तिची दोन्ही टोके सारखीच आहेत. त्यामुळे धक्क्याला लागलेली नौका वळवून घ्यावी लागत नाही. आली त्याच वाटेने ती उलट निघते. दिवसभर थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या नौकेच्या दृष्टीने ही बचत लहान नव्हे.

सेवा आणि निवृत्ती

१९२७ पासून फेरीसेवा शहराच्या सार्वजनिक वाहतूक आयोगाकडे आली. तत्पूर्वीच, १९२६ मध्ये, बेसबॉलचे नवे मैदान मुख्य भूमीवर उभे राहिले होते. करमणूक उद्यानाच्या जागी पुढे १९३९ मध्ये विमानतळ सुरू झाला. गर्दी ओसरली. डिझेलवर चालणाऱ्या नौका आल्यावर कोळसा खाणाऱ्या जुन्या बोटी परवडेनाशा झाल्या आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'ट्रिलियम' कामावरून उतरवली गेली.

यानंतर दोघी बहिणींच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'ब्लू बेल'चा उपयोग कचरा वाहणारा पडाव म्हणून करण्यात आला आणि तिचे मूळ रूप गेले. 'ट्रिलियम' मात्र बेटांमधील एका खाजणात बांधून ठेवली गेली व सुमारे पंधरा वर्षे तेथेच गंजत राहिली. तिचे वाफेचे इंजिन जागेवरच राहिले होते. तिला कोणी जपले नव्हते. केवळ तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, हेच तिच्या पथ्यावर पडले.

पुनरुज्जीवन

टोरंटोच्या इतिहासाचे लेखक माइक फायली आदींनी तिच्या जतनाचा आग्रह धरला. १९७३ मध्ये महानगर परिषदेने दुरुस्तीला मंजुरी दिली. नौकेचा सांगाडा दुरुस्त झाला, बॉयलर नवा तेलावर चालणारा बसवला, पण मूळ इंजिन कायम ठेवले गेले. १९७६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा प्रवासी घेऊन निघाली.

पुनरागमनानंतरचा काळ निर्वेध नव्हता. २ जून १९८१ रोजी तिची धडक बंदरात उभ्या असलेल्या 'नॉरमॅक' या तरंगत्या उपाहारगृहाला बसली आणि ते सुमारे दोन आठवड्यांनी बुडाले. तरीही 'ट्रिलियम' सेवेत राहिली. उन्हाळ्यातील गर्दीच्या दिवशी जादा नौका म्हणून, तसेच खासगी समारंभांसाठी तिचा वापर होत आला आहे.