कार्डावरचे अक्षर

ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत आमच्या खोलीत खुंटीला एक आकड्याची तार होती. आलेले कार्ड वाचून झाले की वडील ते तारेत ओवीत. चाळ सुटली तरी तार सुटली नाही. वडील गेल्यावर मी ती उतरवली आणि आजीची कार्डे हाती आली.

पोस्टकार्ड आपल्या देशात आले १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. पाकिटाहून स्वस्त, म्हणून गरिबाच्या दारी तेच पोचले. पुढे १९२९ च्या सुमारास ठाकुर्लीजवळ चोळ्याला रेल्वेचे वीजघर झाले. घाटावरून, कोकणातून माणसे इथे पोटाला आली. त्यांचे गाव मग या कार्डातूनच येई.

तळाची दोन कार्डे मोडीत आहेत, चुलत आजोबांच्या हातची. मोडीत आधी रेघ ओढायची आणि मग अक्षरे तिच्याखाली लावीत जायचे. लेखणी शक्यतो उचलायची नाही, शब्दांत जागा सोडायची नाही. लांबून पाहिले तर पताकांची ओळ चालली आहे असे वाटते. मला ती वाचता येत नाहीत, तरी पुन्हा पुन्हा पाहतो. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडी गेली, त्यामुळे वरची सगळी कार्डे बालबोध. डोक्यावर 'रामकृष्णहरि', खाली मजकूर, आणि जागा संपली की उरलेले समासात आडवे. लग्नाच्या कार्डाला हळदकुंकवाची बोटे. कोपरा फाडलेले कार्ड मात्र तारेत एकही नाही. मरणाची बातमी घरात ठेवीत नसत.

आजीच्या कार्डांवर तीन निरनिराळी अक्षरे आहेत, कारण तिला लिहिता येत नव्हते. एक पोस्टमनचे, घाईचे. एक शेजारच्या पोराचे, शाईचे ठिपके सांडलेले. तिसरे शाळेच्या गुरुजींचे, टाकाने काढलेले, टपोरे, काना न् काना सरळ. शब्द मात्र तिन्हींत तिचेच. 'आषाढीला येतोस का? न आलास तर मी दिंडीबरोबर निघते. किल्ली शेजारी ठेवते.'

बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे आपल्याला नवे नाही. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली असे परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी उतरवून ठेवले. लिहिणाऱ्याने आपले काही त्यात घालायचे नसते.

गुरुजींनी एकदाच घातले. आजीचा मजकूर संपल्यावर समासात बारीक अक्षरात त्यांनी आपल्या मनाने एक ओळ लिहिली आहे: 'आई फार थकली आहे, यंदा तरी या.' आजीला ती वाचता येणार नव्हती. वडिलांनी वाचली. त्या जागी बोटाचा काळा डाग आहे, वीजघरातल्या तेलाचा असावा.

त्या आषाढीला त्यांची पाळी होती. ते गेले नाहीत.