पीतज्वराच्या कागदांची कुळकथा

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीतज्वरासंबंधीचे हजारो कागद जपून ठेवले आहेत. त्यात पत्रं आहेत, फोटो आहेत, जुने करारनामे आहेत. हा ठेवा कुठल्या सरकारने किंवा संस्थेने जमवलेला नाही. संधिवातावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं पत्रं लिहून तो उभा केला.

डॉ. फिलिप हेंच मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये काम करत. १९२९ साली त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं, की कावीळ झाल्यापासून सांधे दुखायचे थांबलेत. हेंच यांनी ती गोष्ट कानाआड केली नाही. त्याच धाग्याने ते पुढे गेले आणि १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं गेलं. १९५० च्या नोबेलचे एक मानकरी तेच. ज्याच्यावर गुदरलं त्याचं सांगणं आधी ऐकायचं, हा त्यांचा शिरस्ता इतिहासाच्या बाबतीतही सुटला नाही.

१९३७ मध्ये त्यांनी जॉन मोरान आणि जॉन किसिंजर या दोघांना पत्रं लिहिली. १९०० साली क्यूबात झालेल्या पीतज्वराच्या प्रयोगांत या दोघांनी स्वतःहून डास चावून घेतले होते.

ते प्रयोग अमेरिकी लष्कराच्या एका आयोगाचे. प्रमुख वॉल्टर रीड. सोबत कॅरोल, आग्रामोंते आणि लाझीर. पीतज्वर डासामुळे पसरतो, असं हवानाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. जवळजवळ वीस वर्षं त्यांना कुणी दाद दिली नाही. आयोगाला डासांची अंडी दिली तीही फिनले यांनीच, आणि या शोधाचं पहिलं श्रेय त्यांचंच आहे असं मी मानतो. लाझीर डास वाढवायचे काम पाहत. २५ सप्टेंबर १९०० रोजी ते पीतज्वरानेच गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी.

नोव्हेंबरमध्ये हवानाजवळ लाझीर यांच्या नावाची छावणी उभी राहिली. तिथे दोन लाकडी खोल्या बांधल्या. एकीत रुग्णांच्या ओकाऱ्यांनी आणि मळाने भरलेल्या अंथरुणांत माणसं वीस रात्री झोपली. एकालाही ताप आला नाही. दुसरी खोली स्वच्छ, मध्ये तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला डास सोडलेले. २१ डिसेंबरला मोरान तिथे जाऊन पडला आणि नाताळच्या दिवशी तापाने फणफणला. जाळीपलीकडे झोपलेले ठणठणीत राहिले. कपड्यालत्त्यांतून हा रोग पसरतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या दोन खोल्यांनी निकालात काढली.

हेंच यांनी ती पत्रं लिहिली तेव्हा या गोष्टीवर नाटक येऊन गेलं होतं आणि पुढच्याच वर्षी चित्रपटही आला. दंतकथेचे थर चढत होते. हेंच मात्र साक्षीदारांना साधे प्रश्न विचारत राहिले. खोल्या नेमक्या कुठे होत्या? कोण कधी आजारी पडलं? रीड आणि लाझीर यांच्या घरच्यांशीही त्यांनी पत्रव्यवहार ठेवला. पुढे मोरानला घेऊन ते क्यूबात गेले. जिथे माणसं त्या घाणीत झोपली होती, ती खोली अजून उभी होती. १९५२ मध्ये त्या जागेचं स्मारक झालं.

या संग्रहात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रयोगात उतरलेल्या स्पॅनिश स्थलांतरितांशी केलेला करारनामा. पीतज्वर झाला तर जिवाला धोका आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रयोगासाठी शंभर डॉलर, ताप आला तर आणखी शंभर. बेटावर राहिल्यावर लागण टळणारच नाही, असंही त्यात म्हटलंय. नुकत्याच आलेल्या गरीब माणसावर या वाक्याचं दडपण आलं असणार, हे विसरून चालणार नाही. तरीही धोका आधी सांगून सही घेण्याची रीत इथे कागदावर दिसते. आज औषधाच्या चाचणीआधी रुग्णासमोर येणाऱ्या संमतिपत्राचा हा एक पूर्वज. मोरान आणि किसिंजर यांनी पैसे नाकारले होते.

हेंच यांना या सगळ्यावर पुस्तक लिहायचं होतं. ते राहून गेलं. १९६५ मध्ये ते वारले आणि पत्नी मेरी यांनी सगळा संग्रह रीड यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला.

पीतज्वर भारतात कधी पसरला नाही, जरी त्याचा डास आपल्या घरोघरी डेंग्यू पसरवत फिरतो. पण देवीचा रोग आपण भोगला आहे. भारतातला तिचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. हेंच यांनी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा प्रयोगांना सदतीस वर्षं झाली होती. आपल्याकडे पन्नास उलटली. गावोगाव फिरून देवी टोचणारे, रुग्ण हुडकणारे लोक आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना आजच विचारा, ते सांगतील ते तारखेसकट लिहून घ्या आणि त्यांच्या डायऱ्या रद्दीत जाऊ देऊ नका.