पुढच्यांसाठी कोरलेलं

मराठवाड्यातल्या मुखेडच्या शेजारचं कंधार. राष्ट्रकूटकाळातला जगत्तुंग सागर हा तलाव तिथे आहे आणि कृष्ण तिसऱ्याच्या काळातला, दहाव्या शतकातला शिलालेखही तिथलाच. त्या काळच्या दानलेखांची एक रीत होती. काय दिलं ते नोंदवून झालं की शेवटी पुढच्या राजांना विनवणी असे: आम्ही दिलेलं तुम्ही राखा, चंद्रसूर्य असेतोवर. मोडणाऱ्याला शाप असे, साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होण्याचा. पुढे शिलाहार-यादवांच्या काळात हा शाप गद्धेगळींवर, म्हणजे शापाच्या दगडांवर, चित्रातच कोरला गेला, निरक्षरालाही कळावा म्हणून. भविष्याला लिहिलेली आपली जुनी पत्रं मी हीच मानतो. त्यांत नुसती आशा नाही. आधी काही देऊन ठेवलंय, मग राखायला सांगितलंय.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात तोच धागा झाडांपर्यंत नेला. आरमाराला लाकूड हवं, तरी आंब्या-फणसाला हात लावू नये. रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत.

१९७३ च्या १५ ऑगस्टला इंदिरा गांधींनी लाल किल्ल्यात कालपत्र पुरलं. स्वतंत्र भारताचा इतिहास त्यात होता. मराठवाडा तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता उठत होता. सरकार बदलल्यावर ते कालपत्र उकरून काढलं गेलं.

हवामानबदलावरचं गाजलेलं पत्र आइसलँडचं. १८ ऑगस्ट २०१९ ला ‘ओक’ या मृत हिमनदीच्या जागी फलक बसवला. मजकूर आंद्री स्नायर मॅग्नासन यांचा. हवेतल्या कर्बवायूचं त्या वेळचं प्रमाण, दशलक्षात ४१५ भाग, खाली कोरलं. काय घडतंय आणि काय करायला हवं हे आम्हाला ठाऊक आहे, ही कबुलीही त्यात आहे.

त्याच तारखेच्या सुमाराला, २०२५ साली, मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात २०६ मिलिमीटर पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली पाण्यात गेली, माणसं दगावली. आणि याच्या उलट, शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

मुखेडनं पुढच्यांना पत्र लिहायचं तर ही दोन्ही सालं त्यात हवीत. पूररेषेचा दगड हवा, त्याखाली कुणी घर बांधू नये ही विनवणी हवी. आणि ते लिहिणाऱ्यांनी आधी एखादं तळं गाळ काढून भरतं करून ठेवलेलं हवं.